चिमूटभर मिठाचं काम

पावसाळ्यात लालबागच्या आमच्या चाळीत कुणाचं ना कुणाचं पोट बिघडतंच. गेल्या जुलैत शेजारच्या चार वर्षांच्या पोराला जुलाब लागले. त्याची आजी नुसती ग्लुकोजची पावडर पाण्यात ढवळून पाजत होती. म्हटलं, "आजी, यात मीठ हवं." "मीठ कशाला गं? आधी तरतरी येऊ दे त्याला!"

पण मिठावाचून ते ग्लुकोज अंगी लागणं अवघड. आतड्याच्या पेशीचं आवरण स्निग्ध असतं, त्यातून ग्लुकोजला सहजी शिरता येत नाही. त्याच्यासाठी प्रथिनांची दारं असतात आणि त्यांतलं मुख्य दार एका अटीवर उघडतं: सोबत मिठातल्या सोडियमचे दोन आयन, म्हणजे धनभारित कण, असतील, तरच ग्लुकोजचा एक रेणू आत. पेशीबाहेर लिटरमागे साधारण 140 मिलिमोल (कणांची संख्या मोजायचं एकक) सोडियम, आत जेमतेम 10 ते 15. शिवाय आतली बाजू ऋणभारित. त्यामुळे सोडियम आत घुसायला टपलेलाच असतो. दादरला गर्दीच्या वेळी लोकलमध्ये आपण चढत नाही, मागचा लोंढा आपल्याला चढवतो. ग्लुकोजचं तसंच होतं. आत ग्लुकोज आधीच जास्त असलं तरी ते ओढलं जातं आणि दोघांपाठोपाठ पाणीही येतं.

ही ओढ टिकते ती पेशीच्या दुसऱ्या बाजूच्या पंपामुळे. तो दर फेरीला 3 सोडियम बाहेर टाकतो, 2 पोटॅशियम आत घेतो. डेन्मार्कचे शास्त्रज्ञ येन्स स्कोऊ यांनी तो 1957 साली दाखवून दिला, नोबेल मिळालं 1997 मध्ये. सोडियम-ग्लुकोजची जोडी अमेरिकी शास्त्रज्ञ रॉबर्ट क्रेन यांनी 1960 साली प्रागमध्ये मांडली.

मला सगळ्यात थक्क करतं ते हे, की कॉलऱ्याचं विष पेशींना क्लोराइड आणि त्यामागून पाणी बाहेर फेकायला लावतं, पण या दाराला धक्का लावत नाही. म्हणूनच 1971 साली पश्चिम बंगालमधल्या बनगावच्या निर्वासित छावणीत कॉलऱ्याच्या साथीत सलाइन संपत आलं, तेव्हा डॉ. दिलीप महालनबीस मीठ-ग्लुकोजचं पाणी पाजून माणसं वाचवू शकले. आजच्या ओआरएसमध्ये, म्हणजे जुलाबावर पाजायच्या मीठ-ग्लुकोजच्या पाण्यात, लिटरला सोडियम 75 मिलिमोल, ग्लुकोजही 75. साखर जास्त झाली तर ती उलट पाणी आतड्यात खेचते आणि जुलाब वाढतात. म्हणून कोल्ड्रिंक नको.

ओआरएसचं पाकीट मिळेपर्यंत आजीने लिटरभर उकळून गार केलेलं पाणी घेतलं. सहा चहाचे चमचे साखर, अर्धा चमचा मीठ. प्रत्येक चमचा सुरीच्या पाठीने सपाट करून. मग वाटीचमच्याने घोट घोट पाजत बसली. संध्याकाळी पोराने शू केली, तेव्हा कुठे तिचा जीव भांड्यात पडला.