अंध व्यक्तीला टचस्क्रीन जमत नाही? चुकीचा समज

'दिसत नाही ना, मग टचस्क्रीन कशाला? साधा बटणांचा फोन घ्या,' हा सल्ला मोबाइलच्या दुकानात आजही मिळतो. तो चुकीचा आहे. स्क्रीनवरचं बोलून दाखवणारं सॉफ्टवेअर, म्हणजे आयफोनमध्ये व्हॉइसओव्हर आणि अँड्रॉइडमध्ये टॉकबॅक, २००९पासून आहे. वेगळा फोन लागत नाही. सेटिंग्जमधल्या ॲक्सेसिबिलिटीत जाऊन ते चालू करायचं, बस्स.

बोट काचेवरून सरकवलं की त्याखाली जे असेल त्याचं नाव ऐकू येतं. हवं ते सापडलं की दोनदा टकटक. सरावलेली माणसं आवाजाचा वेग इतका वाढवतात की शेजारच्याला शब्दही कळत नाही. नोट ओळखायला रिझर्व्ह बँकेचं २०२०मध्ये आलेलं 'मनी' ॲप आहे, तेही इंटरनेटशिवाय चालणारं.

अडतं ते वेगळ्याच ठिकाणी. ॲप बनवणाऱ्याने बटणाला नावच दिलेलं नसलं, तर कानावर नुसतं 'बटण, बटण' पडतं. त्यातलं पैसे पाठवायचं कुठलं आणि रद्द करायचं कुठलं? ही चूक वापरणाऱ्याच्या डोळ्यांची नाही, ॲपची आहे, आणि नाव देणं हे काही मिनिटांचं काम आहे.