कंटिन्युअस इंटिग्रेशन : मुक्तस्रोत प्रकल्पांतील स्वयंचलित बिल्ड

एकाच सॉफ्टवेअरवर राबणाऱ्या अनेकांचे बदल वरचेवर मुख्य शाखेत (कोडच्या मूळ प्रतीत) आणायचे आणि प्रत्येक बदलासाठी संपूर्ण बिल्ड (कोडपासून चालण्याजोगे सॉफ्टवेअर घडवणे) व चाचण्या यंत्राकडून आपोआप चालवून घ्यायच्या, या पद्धतीला कंटिन्युअस इंटिग्रेशन किंवा थोडक्यात सीआय म्हणतात. कंपनीत हा अंतर्गत शिस्तीचा भाग असतो. मुक्तस्रोत प्रकल्पात मात्र बदल पाठवणारा कोण, त्याने स्वतःच्या संगणकावर काय तपासले, यांपैकी काहीच मेंटेनरला (प्रकल्प सांभाळणाऱ्याला) ठाऊक नसते. त्यामुळे इथे सीआय उभारताना दोन प्रश्न आधी येतात : अनोळखी माणसाचा कोड कोणाच्या यंत्रावर चालवायचा, आणि चालवताना त्याच्या हाती काय काय लागू द्यायचे.

बदल दिवसातून अनेकदा एकत्र करावेत, हा आग्रह केंट बेक यांनी पुढे आणलेल्या एक्स्ट्रीम प्रोग्रॅमिंग या सॉफ्टवेअर घडवण्याच्या पद्धतीमुळे १९९०च्या दशकाच्या उत्तरार्धात रुजला. २००१ साली आलेले क्रूझकंट्रोल हे या कामाचे सुरुवातीचे मुक्तस्रोत साधन. पुढे सन मायक्रोसिस्टिम्स या कंपनीत असताना कोहसुके कावागुची यांनी हडसन हे तसेच साधन लिहिले. ओरॅकलने सन विकत घेतल्यावर नावाच्या हक्कावरून वाद झाला आणि २०११ मध्ये बहुतांश समुदाय जेनकिन्स हे नवे नाव घेऊन वेगळा झाला. ही साधने फुकट होती, पण ती चालवायला सर्व्हर लागत असे आणि तो सांभाळायला माणूस. लहान प्रकल्पांचे घोडे तिथेच अडत होते. २०११ मध्येच बर्लिनमध्ये सुरू झालेल्या ट्रॅव्हिस सीआय या संकेतस्थळाने सार्वजनिक रेपॉझिटरींना (प्रकल्पांच्या कोडसाठ्यांना) ही सेवा मोफत दिली आणि चित्र पालटले. रेपॉझिटरीत एक छोटी फाइल ठेवली की काम भागू लागले. २०२०च्या अखेरीस त्या मोफत सेवेवर मर्यादा आल्यावर असंख्य प्रकल्पांनी बिऱ्हाड हलवले. त्यांतले बरेचसे नोव्हेंबर २०१९ मध्ये सर्वांसाठी खुल्या झालेल्या गिटहब ऍक्शन्सकडे, म्हणजे कोड ठेवण्याच्या गिटहब या संकेतस्थळाच्या सीआय सेवेकडे, गेले. ज्यांनी बिल्डच्या सगळ्या पायऱ्या सेवेच्या फाइलीतच कोंबल्या होत्या त्यांना हे स्थलांतर जड गेले; ज्यांच्या पायऱ्या मेकफाइलमध्ये (बिल्डच्या आज्ञांच्या फाइलीत) किंवा साध्या स्क्रिप्टमध्ये होत्या, त्यांना फक्त ती स्क्रिप्ट नव्या ठिकाणाहून बोलवावी लागली. नव्या प्रकल्पानेही आधी एका आज्ञेत बिल्ड होईल अशी स्क्रिप्ट तयार करावी आणि मगच सीआयला हात घालावा.

फाइलीचा साचा सगळीकडे जवळपास सारखाच असतो. कोणत्या घटनेवर काम सुरू व्हावे (पुश म्हणजे कोड रेपॉझिटरीत पाठवणे, पुल रिक्वेस्ट म्हणजे बदल स्वीकारण्याची विनंती, किंवा ठरावीक वेळ), कोणत्या प्रकारच्या रनरवर (काम चालवणाऱ्या यंत्रावर) व्हावे, आणि कोणत्या पायऱ्यांनी : कोड आणणे, कंपायलर किंवा भाषेची आवृत्ती बसवणे, अवलंबित पॅकेजेस (कोडला लागणारी इतरांची पॅकेजेस) उतरवणे, बिल्ड, चाचण्या. ही फाइल बहुधा यामल या मांडणीच्या भाषेत लिहितात आणि यामलच्या खोड्या नवख्यांना हमखास गाठतात. पायथनच्या आवृत्तीपुढे ३.१० असे अवतरणचिन्हांविना लिहिले की यामल ती दशांश संख्या मानते, शेवटचे शून्य गळते आणि रनर ३.१ शोधू लागतो. ३.९पर्यंत हीच फाइल बिनबोभाट चालत असल्याने दोष चटकन ध्यानात येत नाही.

एकच बिल्ड अनेक आवृत्त्यांवर आणि लिनक्स, विंडोज, मॅकओएस या प्रणालींवर चालवण्याच्या मांडणीला मॅट्रिक्स म्हणतात. लिनक्सवर काम करणाऱ्याला विंडोजवरचे ओळीअखेरचे वेगळे चिन्ह किंवा लहान-मोठ्या अक्षरांचा फरक न मानणारी फाइलनावे अशा गोष्टी दिसतात त्या इथेच. गिटहब ऍक्शन्समध्ये मॅट्रिक्समधले एक काम फसले की बाकीची आपोआप रद्द होतात. मांडणी बसत असताना ही सोय बंद ठेवलेली बरी, नाहीतर नेमके कुठे कुठे बिघडले आहे ते कळतच नाही. मॅट्रिक्स फुगवण्याचा मोहही आवरावा. ज्या आवृत्तीला प्रकल्प आधार देत नाही, तिच्यावर बिल्ड चालवण्यात अर्थ नाही.

सुरक्षेचा भाग सर्वांत नाजूक आणि सर्वाधिक दुर्लक्षित. फोर्कमधून (योगदान देणाऱ्याच्या स्वतःच्या प्रतीतून) आलेल्या पुल रिक्वेस्टसाठी चालणाऱ्या बिल्डला गिटहब प्रकल्पाची गुपिते (पासवर्ड वगैरे) देत नाही आणि टोकनही (रेपॉझिटरीत शिरण्याचा परवानाही) केवळ वाचनापुरते देते. पण पुल रिक्वेस्टवर आपोआप लेबल किंवा टिप्पणी लावता यावी म्हणून ‘पुल रिक्वेस्ट टार्गेट’ नावाची वेगळी घटना उपलब्ध आहे. तिच्यावर चालणाऱ्या कामाला मूळ रेपॉझिटरीचे अधिकार मिळतात. अशा कामात पाहुण्याचा कोड उतरवून चालवला तर तिजोरीची किल्लीच त्याच्या हाती जाते. धोका कोडपुरताच नसतो. पुल रिक्वेस्टचे शीर्षक थेट शेलच्या (यंत्राला आज्ञा देणाऱ्या प्रोग्रॅमच्या) आज्ञेत घातले, तर शीर्षकात लिहिलेली आज्ञाही निमूटपणे चालते. ते आधी पर्यावरण चलात (एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबलमध्ये) ठेवून मग वापरणे हा साधा उपाय आहे. स्वतःच्या यंत्रावरचा रनर सार्वजनिक रेपॉझिटरीला जोडू नये, असा सल्ला खुद्द गिटहबच देते. मोफत रनरवर आभासी चलन खणणाऱ्यांचा उपद्रव वाढल्यावर २०२१ मध्ये पहिल्यांदाच योगदान देणाऱ्याच्या बिल्डला मेंटेनरची मंजुरी लागू लागली.

दुसऱ्यांनी लिहिलेल्या तयार ऍक्शन्स (बिल्डमध्ये जोडायच्या आयत्या पायऱ्या) हा याच चिंतेचा पुढचा टप्पा. मार्च २०२५ मध्ये बदललेल्या फाइलींची यादी देणाऱ्या एका लोकप्रिय ऍक्शनमध्ये घातक कोड घुसवला गेला आणि तिचे आवृत्ती-टॅग (आवृत्त्यांची नावे) त्या कोडच्या कमिटकडे (नोंदलेल्या बदलाकडे) वळवण्यात आले. तिच्यावर विसंबलेल्या सार्वजनिक प्रकल्पांची गुपिते बिल्डच्या लॉगमध्ये उघडी पडली. टॅग हलवता येतो, कमिटचा पूर्ण हॅश (त्याच्या मजकुरावरून निघणारी ओळखखूण) हलवता येत नाही. म्हणून बाहेरची ऍक्शन हॅशनेच बांधावी.

चाचण्या उत्तीर्ण झाल्याची हिरवी खूण मिळाली म्हणजे बदल निर्धोक, असेही नाही. एका पुल रिक्वेस्टने फंक्शनचे नाव बदलले आणि दुसरीने ते जुन्याच नावाने वापरणारी नवी ओळ जोडली, तर दोन्ही स्वतंत्रपणे उत्तीर्ण होतात, गिट या कोडचे बदल नोंदणाऱ्या साधनाला संघर्ष दिसत नाही, आणि दोन्ही मर्ज (मुख्य शाखेत विलीन) होताच मुख्य शाखा मोडते. यावर रस्ट भाषेच्या प्रकल्पाने बदल रांगेत लावून, मर्ज झाल्यावर दिसेल तोच कोड आधी तपासायची वहिवाट पाडली. बॉर्स हा बॉट ते काम करी. आता मर्ज क्यू या नावाने ही सोय गिटहबमध्येच मिळते. कधी उत्तीर्ण तर कधी अनुत्तीर्ण होणाऱ्या लहरी चाचण्या हे वेगळेच दुखणे. ‘पुन्हा चालवा’ हे बटण दाबायची सवय लागली की खरा दोषही त्याच बटणाखाली झाकला जातो. अशी चाचणी दुरुस्त होईपर्यंत बाजूला काढलेली परवडते.

कोडला कोणी हात लावला नाही तरी अवलंबित पॅकेजेस बदलत राहतात, म्हणून रोज किंवा आठवड्याला एक बिल्ड वेळापत्रकानेही लावतात. गिटहबवर सार्वजनिक रेपॉझिटरीत ६० दिवस काहीच हालचाल झाली नाही तर हे वेळापत्रक आपोआप बंद होते आणि ते मेंटेनरला हाताने पुन्हा सुरू करावे लागते.