केमो संपल्यावर काय? हाडांच्या कर्करोगातील मेंटेनन्स उपचारांची पार्श्वभूमी

कुमारवयात हाडाच्या कर्करोगांपैकी सर्वाधिक आढळतो तो ऑस्टिओसार्कोमा. उंची झपाट्याने वाढण्याच्या वयात तो गुडघ्याच्या वरखाली किंवा खांद्याजवळ मूळ धरतो. त्यावरच्या उपचाराचा आराखडा आता बऱ्यापैकी ठरून गेला आहे. दहा आठवडे केमोथेरपी, मग शस्त्रक्रिया, मग उरलेली केमो, असे सगळे मिळून २९ आठवडे. त्यानंतर औषधे बंद. पुढे ठरावीक काळाने छातीचे स्कॅन आणि प्रत्येक स्कॅनच्या आधीची धाकधूक. निदानाच्या वेळी रोग पसरलेला नसेल तर दहापैकी सहा-सात मुले बरी होतात. बाकीच्यांत तो उलटतो, बहुतेक वेळा पहिल्या दोन-तीन वर्षांत आणि बहुतेक वेळा फुप्फुसात.

या मोकळ्या काळात एखादे सोसवेल असे औषध चालू ठेवले तर रोगाची वाट अडेल का? हा प्रश्न सुमारे पन्नास वर्षे विचारला जातो आहे. ऑस्टिओसार्कोमापुरते बोलायचे तर ठाम ‘हो’ अजून कोणत्याही औषधाच्या वाट्याला आलेले नाही. तरी त्या ‘नाही’मागचा इतिहास माहीत असावा, कारण दर काही वर्षांनी नवे नाव पुढे येते आणि त्याच्या आकड्यांकडे कसे पाहायचे ते या जुन्या प्रकरणांतूनच कळते.

मूळ कल्पना रक्ताच्या कर्करोगाची. मुलांच्या ल्युकेमियात औषधाने रोग दिसेनासा व्हायचा, पण थोड्या महिन्यांत परत यायचा. १९६२पासून अमेरिकेतील सेंट ज्यूड रुग्णालयात डोनाल्ड पिंकेल यांनी टप्प्याटप्प्याचा उपचार आखला. त्याचा शेवटचा टप्पा म्हणजे दोन-तीन वर्षे कमी मात्रेत मेथोट्रेक्सेट आणि मर्कॅप्टोप्युरिन. आजही मुलांच्या त्या ल्युकेमियात ही मेंटेनन्स थेरपी गाळता येत नाही. एका कर्करोगात हे जमले तर दुसऱ्यात का जमू नये, असे वाटणे साहजिकच होते.

हाडांच्या बाबतीत मात्र १९७०पर्यंत आधी गाडीच रुळावर नव्हती. पाय किंवा हात कापणे हाच उपचार. गाठ समूळ निघायची, जखम भरायची आणि काही महिन्यांत फुप्फुसात गाठी दिसू लागायच्या. शस्त्रक्रियेनंतर वाचणाऱ्यांचे प्रमाण वीस टक्क्यांच्याही खाली होते. याचा सरळ अर्थ असा, की बहुतेक मुलांत डॉक्टरकडे जाण्यापूर्वीच न दिसणारे कण फुप्फुसात पोचलेले असत. मारायचे ते या कणांना.

१९७४मध्ये दोन औषधांनी कोंडी फोडली. एक डॉक्सोरुबिसिन. दुसरे नॉर्मन जाफी यांनी बोस्टनमध्ये वापरलेले मेथोट्रेक्सेट, पण ल्युकेमियातल्या बेताच्या मात्रेत नव्हे. ऑस्टिओसार्कोमाच्या पेशी हे औषध आत ओढून घेण्यात कमी पडतात, हे कोडे पुढे उलगडले. त्यामुळे ते आत घुसवायचे तर रक्तात त्याचा पूर आणावा लागतो. आजची मात्रा शरीराच्या पृष्ठभागाच्या दर चौरस मीटरला १२ ग्रॅम आहे. संधिवातासाठी हेच औषध आठवड्यातून काही मिलिग्रॅम देतात, यावरून अंदाज यावा. पिवळसर द्रावण सुमारे चार तास शिरेतून जाते. मूत्रपिंडात औषधाचे खडे होऊ नयेत म्हणून भरपूर सलाईन देतात, लघवी अल्कधर्मी ठेवतात आणि ती पुन्हा पुन्हा तपासतात. औषध सुरू झाल्यापासून चोवीस तासांनी ल्युकोव्होरिन हा उतारा सुरू होतो. रक्तातली पातळी ठरलेल्या आकड्याखाली आली की मगच मूल घरी. उतारा चुकला तर हे औषध जीवघेणे ठरते. म्हणजे ल्युकेमियाची नक्कल करून रोज-आठवड्याला गोळी द्यायची सोय इथे पेशीच्या स्वभावामुळेच अवघड होती.

नवे आकडे चांगले होते, पण कोणाच्या तुलनेत? जुन्या काळातल्या रुग्णांच्या. इथेच मोठा वाद पेटला. मेयो क्लिनिकच्या डॉक्टरांचे म्हणणे असे, की आमच्याकडे नुसत्या शस्त्रक्रियेनेही निकाल सुधारत आहेत, तेव्हा श्रेय औषधाला कशावरून? त्यांनी एक छोटी चाचणी केली. चिठ्ठी टाकावी तशी विभागणी करून एका गटाला मेथोट्रेक्सेट दिले, दुसऱ्याला नाही. दोन्ही गटांत फरक दिसला नाही. ज्या औषधाने मुलांचे केस जातात, तोंड सोलून निघते, ते फुकटच देत असू तर? शंका रास्त होती, ती उडवून लावता येण्यासारखी नव्हती.

म्हणून १९८०च्या दशकात अमेरिकेतील अनेक रुग्णालयांनी मिळून खडतर निर्णय घेतला. शस्त्रक्रियेनंतर निम्म्या मुलांना केमो, निम्म्यांना फक्त देखरेख. अशी विभागणी मान्य करणारे अवघे ३६ रुग्ण मिळाले. निकाल १९८६मध्ये प्रसिद्ध झाला. दोन वर्षांनी रोगमुक्त असलेले केमोच्या गटात ६६ टक्के, देखरेखीच्या गटात १७ टक्के. त्यानंतर वाद संपला. रोगाचा स्वभाव बदललेला नव्हता, औषधच काम करत होते. ३६ रुग्णांतही उत्तर मिळाले ते फरक एवढा प्रचंड होता म्हणून. मेंटेनन्स औषधांकडून अपेक्षित फरक पाच-दहा टक्क्यांचा असतो, आणि तो सिद्ध करायला शेकड्यांनी रुग्ण लागतात. दुर्मीळ आजारात ते आणायचे कुठून, हे या क्षेत्राचे कायमचे दुखणे.

कॅनडाचा टेरी फॉक्स याच संक्रमणकाळातला. १९७७मध्ये त्याचा उजवा पाय गुडघ्याच्या वर कापला गेला आणि त्याला केमोही मिळाली. १९८०मध्ये कृत्रिम पायावर देश ओलांडायला निघालेला हा तरुण ५,३७३ किलोमीटर धावल्यावर थांबला, कारण रोग फुप्फुसात उतरला होता. १९८१मध्ये बाविसाव्या वर्षी तो गेला. तीन वर्षांनी उलटलेला रोग म्हणजे नेमका तोच धोका, ज्यासाठी मेंटेनन्स हवे असे वाटते.

दरम्यान न्यूयॉर्कमध्ये जेराल्ड रोझेन यांनी शस्त्रक्रियेआधीच केमो सुरू केली. निमित्त व्यवहाराचे होते: पाय वाचवायचा तर मापाचा धातूचा सांधा घडवून यायला वेळ लागे. त्या वेळेचा उपयोग झाला आणि एक नवी खूण हाती आली. काढलेल्या हाडाचा उभा काप घेऊन पॅथॉलॉजिस्ट चौकटी आखतो आणि किती गाठ मेली आहे ते मोजतो. नव्वद टक्के किंवा जास्त मेली असेल तर पुढचा रस्ता बराच सुकर.

या खुणेवर आधारलेली आजवरची सर्वांत मोठी चाचणी म्हणजे युरामॉस-१. युरोप आणि उत्तर अमेरिकेतील चार गटांनी मिळून २००५ ते २०११ या काळात १७ देशांतून २,२६० रुग्ण नोंदवले. तिच्या एका भागात थेट मेंटेनन्सचाच प्रश्न होता. ज्यांची गाठ केमोने नीट मेली, त्यांच्यापैकी निम्म्यांना केमो संपल्यावर आठवड्याला इंटरफेरॉनचे, म्हणजे प्रतिकारशक्तीला चेतवणाऱ्या प्रथिनाचे, इंजेक्शन द्यायचे, उपचाराला दोन वर्षे पूर्ण होईपर्यंत.

इंटरफेरॉन निवडण्यामागे मोठी परंपरा होती. १९७१पासून स्टॉकहोमच्या कॅरोलिन्स्का रुग्णालयात हान्स स्ट्रँडर हे ऑस्टिओसार्कोमाच्या रुग्णांना इंटरफेरॉन देत होते. ते यायचे हेलसिंकीहून. तिथे कारी कँटेल रक्तदात्यांच्या पांढऱ्या पेशींपासून ते काढत. स्ट्रँडर यांचे निकाल आशादायक होते, पण तुलना पुन्हा जुन्या रुग्णांशीच. त्या आशेचा हिशेब व्हायला चार दशके लागली. युरामॉसमध्ये ७१६ रुग्णांची विभागणी झाली. तीन वर्षांनी रोग न उलटता असलेले नुसत्या केमोच्या गटात ७४ टक्के, इंटरफेरॉनच्या गटात ७७ टक्के.

या निकालातला एक तपशील मला टक्केवारीहून मोलाचा वाटतो. ज्या ३५७ जणांच्या वाट्याला इंटरफेरॉन आले, त्यांच्यापैकी २७१ जणांनीच ते सुरू केले आणि सुरू करणाऱ्यांपैकी १०५ जणांनी मध्येच सोडले. आठवड्याला ताप-अंगदुखी आणणारे इंजेक्शन, तेही नुकतीच केमो संपवून शाळा-कॉलेजात परतलेल्या सोळा-सतरा वर्षांच्या मुलाने घ्यायचे. ‘झालं ना आता, बास’ असे तो म्हणाला तर नवल नाही. त्यामुळे औषध निरुपयोगी होते की पुरेसे घेतलेच गेले नाही, हे या चाचणीवरून छातीठोकपणे सांगता येत नाही. मेंटेनन्स औषध रोग्याला झेपणे आणि त्याने ते घेत राहणे हा उपचाराचाच भाग असतो. कागदावरच्या आराखड्यात तो दिसत नाही.

प्रतिकारशक्तीला जागे करण्याची कल्पना याहून जुनी. १८९१मध्ये न्यूयॉर्कचे शल्यविशारद विल्यम कोली यांच्या सतरा वर्षांच्या रुग्ण बेसी डॅशिएल हाडाच्या सार्कोमाने दगावल्या. हादरलेल्या कोलींनी जुनी दप्तरे चाळली, तेव्हा तीव्र जंतुसंसर्गानंतर गाठ विरलेल्या एका रुग्णाची नोंद सापडली. पुढे त्यांनी जंतूंपासून केलेली विषद्रव्ये टोचून पाहिली. पद्धत बेभरवशाची होती आणि मागे पडली.

शंभर वर्षांनी तोच धागा मिफामुर्टाइडच्या रूपाने परत आला. जंतूंच्या पेशीभित्तिकेतल्या एका तुकड्यावर बेतलेले हे संयुग चरबीच्या सूक्ष्म गोळ्यांत भरून शिरेतून देतात. फुप्फुसातल्या भक्षक पेशी ते गिळतात आणि चवताळतात. हाच कर्करोग होणाऱ्या कुत्र्यांत पाय कापल्यानंतर ते दिले, तेव्हा मध्यक आयुर्मान ७७ दिवसांवरून २२२ दिवसांवर गेले. माणसांतली अमेरिकी चाचणी १९९३ ते १९९७ या काळात झाली. पसरलेला रोग नसलेले ६६२ रुग्ण, सहा वर्षांनी हयात असलेले ७० टक्क्यांवरून ७८ टक्क्यांवर. इतके स्पष्ट दिसत असताना अडले कुठे? चाचणीत एकाच वेळी दोन प्रश्न विचारले होते: इफॉस्फामाइड हे केमोचे आणखी एक औषध जोडल्याने फायदा होतो का, आणि मिफामुर्टाइडने होतो का. दोन्ही औषधांचा एकमेकांवर परिणाम होतो की काय, अशी शंका आकड्यांतून निघाली. शिवाय रोग उलटण्यातला फरक जगण्यातल्या फरकाइतका ठाम नव्हता. त्याच आकडेवारीवर अमेरिकेच्या नियामकांनी मंजुरी दिली नाही. युरोपच्या नियामकांनी २००९मध्ये दिली. तेव्हापासून एका ठिकाणी मिळणारे औषध दुसऱ्या ठिकाणी मिळत नाही, आणि दोन्हीकडचे तज्ज्ञ आपापल्या जागी बरोबर आहेत.

बाकी प्रयत्नांची गोष्ट थोडक्यात आटोपते. हाडे झिजवणाऱ्या पेशींना आवरणारे झोलेड्रोनिक आम्ल फ्रान्समधल्या चाचणीत कामाला आले नाही. लॅटिन अमेरिकेतील गटाने मेथोट्रेक्सेट व सायक्लोफॉस्फामाइड कमी मात्रेत, दीर्घकाळ तोंडावाटे दिले. तिथेही फरक पडला नाही. दुसरीकडे रॅब्डोमायोसार्कोमा या मऊ ऊतींच्या कर्करोगात व्हिनोरेल्बिन आणि कमी मात्रेतले सायक्लोफॉस्फामाइड सहा महिने दिल्यावर पाच वर्षांनी हयात असलेले ७३.७ टक्क्यांवरून ८६.५ टक्क्यांवर गेले. २०१९च्या या निकालाने घन गाठींतही मेंटेनन्स चालू शकते हे दाखवले आणि हाडाच्या डॉक्टरांना पुन्हा उमेद आली.

सध्याची भिस्त गाठीच्या रक्तवाहिन्या आणि वाढीचे संदेश अडवणाऱ्या गोळ्यांवर आहे. रोग उलटलेल्या रुग्णांत रेगोराफेनिब घेणाऱ्या २६ जणांपैकी १७ जणांचा रोग आठ आठवडे वाढला नाही. खोटी गोळी घेणाऱ्या बाराही जणांचा वाढला. मग तीच गोळी आधी, केमो संपताच देऊन पाहण्याची चाचणी फ्रान्समध्ये सुरू झाली, तीही खोट्या गोळीशी तुलना करून. काबोझँटिनिब केमोच्या जोडीने आणि नंतरही देण्याची मोठी चाचणी अमेरिकेत चालू आहे. या गोळ्यांनी तळहात-तळपाय सोलतात, रक्तदाब वाढतो. वाढत्या वयात हाडांच्या वाढीच्या पट्ट्यांवर होणारा परिणामही तपासत राहावा लागतो.

एफ्लॉर्निथिनचे वळण सर्वांत गमतीचे. हे आफ्रिकेतील निद्रारोगाचे औषध. चेहऱ्यावरचे नको असलेले केस कमी करणाऱ्या क्रीममध्येही तेच असते. पेशीवाढीला लागणारी पॉलिअमाइन्स बनवणारे विकर ते बंद पाडते. डिसेंबर २०२३मध्ये अमेरिकेत ते न्युरोब्लास्टोमा या मुलांच्या कर्करोगात रोग उलटू नये म्हणून दोन वर्षे घ्यायची गोळी म्हणून मंजूर झाले. ही मंजुरी विभागणी केलेल्या चाचणीवर नाही, तर आधीच्या एका चाचणीतील मिळत्याजुळत्या रुग्णांशी केलेल्या तुलनेवर आधारलेली आहे. मेयोच्या डॉक्टरांनी घेतली होती ती हरकत इथेही घेता येते, फक्त आता तुलनेचे गणित पुष्कळ काटेकोर झाले आहे. आता हेच औषध हाडांच्या सार्कोमातही तपासायला घेतले आहे. तिथे आणखी एक अडचण आहे. एफ्लॉर्निथिनने ऐकू कमी येऊ शकते, आणि ऑस्टिओसार्कोमाच्या मुलांनी सिस्प्लॅटिन हे केमोचे औषध आधीच घेतलेले असते. त्याने वरच्या पट्टीतले आवाज अनेकांचे गेलेले असतात. त्यामुळे गोळी सुरू करण्याआधी आणि चालू असताना या मुलांच्या कानांची तपासणी टाळून चालणार नाही.