ध्येयनिश्चिती

ध्येयनिश्चिती म्हणजे आपल्याला काय साधायचे आहे, ते किती आणि केव्हापर्यंत साधायचे आहे हे व्यक्तीने ठरवणे आणि तो निश्चय तडीस जाईपर्यंत टिकवणे. मानसशास्त्रात हा विषय प्रेरणेच्या अभ्यासात मोडतो. व्यवस्थापन, शिक्षण, क्रीडा आणि आरोग्य या क्षेत्रांत त्याचा प्रत्यक्ष वापर होतो. प्रस्तुत नोंदीत केवळ वैयक्तिक ध्येयांचा विचार केला असून स्थानिक उदाहरणे नाशिक शहर आणि जिल्ह्यातील घेतली आहेत.

संज्ञा आणि संकल्पविधी

मराठीत या विषयाला शब्दांचा तोटा नाही. ‘इच्छा’ आणि ‘मनोरथ’ यांत कृतीचे बंधन नसते. ‘ध्येय’ दूरचे आणि व्यापक असते, तर ‘उद्दिष्ट’ मोजता येण्याजोगे आणि मुदतीचे. तहसील कचेरीत वसुलीचे उद्दिष्ट असते, ध्येय नसते. ‘नवस’ सशर्त असतो. देवीने आधी द्यायचे आणि माणसाने मग फेडायचे, असा तो व्यवहार असल्यामुळे वणीच्या सप्तशृंगगडावर फेडला जाणारा नवस आणि स्वतःशी केलेला निश्चय यांची जात वेगळी ठरते. सर्वांत अर्थपूर्ण शब्द बहुधा ‘नेम’ हा असावा. नेम धरायचा तो निशाण्यावर आणि नेम पाळायचा तो रोजचा. पेरूवर दगड भिरकावणाऱ्या मुलाचा नेम आणि पहाटे गोदेवर स्नानाला जाणाऱ्या आजींचा नेम एकाच शब्दात नांदतात. लक्ष्य आणि सातत्य यांची ही सांगड पुढील विवेचनात वारंवार येईल.

धार्मिक विधीतील ‘संकल्प’ नाशिकच्या रामकुंडावर रोज पाहायला मिळतो. यजमान उजव्या हातात पाणी आणि अक्षता घेतो आणि गुरुजींच्या मागून म्हणत जातो: दंडकारण्य देश, गोदावरीचा अमुक तीर, शालिवाहन शक, संवत्सर, अयन, ऋतू, मास, पक्ष, तिथी, वार, मग गोत्र आणि नाव, आणि सर्वांत शेवटी योजलेले कर्म व ‘करिष्ये’ हे प्रथमपुरुषी भविष्यकाळी क्रियापद. त्यानंतर हातातले पाणी ताम्हनात सोडले जाते. काय करायचे हे सांगण्याआधी कुठे, केव्हा आणि कोण हे उच्चारून घेण्याची ही रचना लक्षणीय आहे. (‘पाणी सोडणे’ याचा व्यवहारातला अर्थ मात्र आशा सोडणे असा झाला आहे, आणि जानेवारीतल्या बहुतेक संकल्पांना तोच अधिक लागू पडतो.) अर्थात यावरून आधुनिक मानसशास्त्र पूर्वजांना ठाऊक होते असा निष्कर्ष काढण्याचे कारण नाही. विधीतील संकल्प कर्माला अधिष्ठान देण्यासाठी असतो, चालढकल टाळण्यासाठी नव्हे. साम्य आहे ते केवळ रचनेचे.

संशोधन

ध्येयनिश्चितीचा पद्धतशीर अभ्यास अमेरिकन मानसशास्त्रज्ञ एडविन लॉक यांच्या १९६८ च्या निबंधापासून धरला जातो. त्यांनी व गॅरी लेथम यांनी १९९० मध्ये ग्रंथरूपाने मांडलेल्या सिद्धांताचा गाभा असा, की विशिष्ट आणि अवघड ध्येय दिले असता ‘जमेल तेवढे करा’ असे सांगण्यापेक्षा कामगिरी सरस होते. मात्र ते ध्येय व्यक्तीने मनापासून स्वीकारलेले असावे, तेवढी क्षमता तिच्यापाशी असावी आणि आपण कुठवर आलो याची माहिती तिला मिळत राहावी. लेथम यांनी एका सहकाऱ्यासह १९७५ मध्ये प्रसिद्ध केलेला ओक्लाहोमा राज्यातील प्रयोग बोलका आहे. लाकडाचे ओंडके वाहणारे ट्रक कायद्याने परवानगी असलेल्या वजनाच्या सुमारे ६० टक्केच भरले जात होते. ‘शक्य तेवढे भरा’ असे सांगून काही फरक पडत नव्हता. मग ९४ टक्क्यांचे उद्दिष्ट ठरवण्यात आले. पहिल्या महिन्यात प्रमाण वाढले, दुसऱ्यात पुन्हा घसरले, कारण उद्दिष्ट चुकले तर खरोखर शिक्षा होते का हे चालक अजमावून पाहत होते. शिक्षा झाली नाही तेव्हा विश्वास बसला आणि प्रमाण ९० टक्क्यांच्या आसपास जाऊन तेथे टिकले. या प्रयोगात आकड्याइतकेच महत्त्व त्या दुसऱ्या महिन्याला आहे, आणि नेमका तोच भाग प्रेरणादायी व्याख्यानांतून गाळला जातो.

चांगल्या ध्येयाचे पाच निकष इंग्रजी आद्याक्षरांतून सांगणारे लोकप्रिय ‘स्मार्ट’ (SMART) सूत्र जॉर्ज डोरन यांनी १९८१ मध्ये मांडले. ते मुळात कंपन्यांतील व्यवस्थापकांसाठी होते. त्यातील ‘ए’ हे अक्षर काम कोणावर सोपवायचे यासंबंधी होते. एकट्या माणसाच्या ध्येयांसाठी सूत्र वापरात आल्यावर त्याचा अर्थ ‘साध्य होण्याजोगे’ असा बदलला. परिणामी सूत्र सोपे ध्येय धरायला सुचवते आणि लॉक यांचा सिद्धांत अवघड, अशी विसंगती उरली आहे.

वैयक्तिक ध्येयांच्या दृष्टीने पीटर गॉलविट्झर या जर्मन मानसशास्त्रज्ञाचे काम अधिक उपयोगी आहे. ‘मी व्यायाम करीन’ हा हेतू झाला. ‘सकाळी सहा वाजता दूध तापवून झाले की बूट घालून गोदापार्कला निघेन’ ही कृतियोजना झाली. दुसऱ्या वाक्यात प्रसंग आणि कृती एकमेकांना बांधलेली असल्यामुळे त्या क्षणी नव्याने निर्णय घ्यावा लागत नाही. १९९७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात विद्यार्थ्यांना नाताळच्या सुट्टीत एक अहवाल लिहून पाठवायचा होता. तो कुठे आणि केव्हा लिहिणार हे ज्यांनी आधी ठरवले त्यांच्यापैकी ७० टक्क्यांहून अधिक जणांनी तो वेळेत लिहिला. इतरांत हे प्रमाण एक तृतीयांशाच्या आसपास राहिले. २००६ मध्ये ९४ स्वतंत्र चाचण्यांचा एकत्रित आढावा घेतला गेला, तेव्हाही परिणाम लक्षणीय आढळला. संकल्पविधीतील देशकालाचा उच्चार येथे वेगळ्या वाटेने परत येतो.

टप्पे

दूरचे ध्येय दिशा देते, पण आज सकाळी उठवत नाही. मानसशास्त्रज्ञ आल्बर्ट बांदुरा आणि डेल शुंक यांनी १९८१ मध्ये गणितात कच्च्या असलेल्या मुलांना वजाबाकीची ४२ पाने सात बैठकांत सोडवायला दिली. काहींना प्रत्येक बैठकीत सहा पाने असे जवळचे उद्दिष्ट सुचवले, काहींना शेवटपर्यंत ४२ पाने असे दूरचे. हिशेब दोन्हीकडे एकच होता. तरीही जवळचे उद्दिष्ट असलेली मुले कौशल्यात, आत्मविश्वासात आणि विषयाच्या गोडीत पुढे गेली.

हे तत्त्व नाशिक परिसरात कुणी शिकवल्याशिवाय रुळलेले आहे. त्र्यंबकेश्वरहून निघणारी संत निवृत्तिनाथांची पालखी नाशिक, सिन्नर, अहिल्यानगर या मार्गाने पंढरपूरला जाते, पण वारकऱ्याला विचारले तर तो पंढरपूर किती लांब आहे हे सांगत नाही, आजचा मुक्काम सांगतो. दिंडीत चालणारा एकटा नसतो, जेवण आणि मुक्काम ठरलेला असतो आणि पाय दुखला तरी मागचा माणूस थांबू देत नाही. प्रेरणेचा बराचसा भार असा व्यवस्थेने उचललेला असतो.

निफाड, दिंडोरी, चांदवड या तालुक्यांतील द्राक्षबागायतदाराची वही हे याहून बारकाईने पाहण्यासारखे उदाहरण आहे. गोडी छाटणी, म्हणजे फळ धरण्यासाठीची छाटणी, साधारण सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये होते, आणि त्या दिवसापासून बागेचे स्वतःचे कॅलेंडर सुरू होते. आज तारीख किती यापेक्षा छाटणीपासून कितवा दिवस हे महत्त्वाचे ठरते; शेजारी भेटला तरी ‘कितवा दिवस चालू आहे?’ असेच विचारतो. पोंगा (कोवळी फूट बाहेर पडणे), फुलोरा, मणी बसणे, मण्यात पाणी उतरणे अशा अवस्थांपुढे फवारणी, पाणी आणि खताच्या नोंदी होत जातात. सुमारे चार महिन्यांनंतरचा माल आणि त्याचा भाव हे ध्येय असले, तरी वहीत भाव कुठेच लिहिलेला नसतो, कारण तो शेतकऱ्याच्या हातात नसतो. क्रीडा मानसशास्त्रात फलनिष्ठ आणि प्रक्रियानिष्ठ ध्येय असा जो भेद करतात, तो या वहीत स्पष्ट दिसतो. त्याच बागेत घडांची विरळणी होते. वेलीवर सगळे घड ठेवले तर एकाचाही मणी पुरेसा फुगत नाही, म्हणून चांगले दिसणारे घडही कात्रीने काढून टाकावे लागतात. एकाच वेळी इंग्रजी सुधारणे, वजन घटवणे, बासरी शिकणे आणि स्पर्धा परीक्षा देणे असे चार संकल्प धरणाऱ्यापुढील प्रश्न हाच असतो; फक्त कात्री चालवायला तो तयार नसतो.

नाशिकचे डॉ. हितेंद्र आणि डॉ. महेंद्र महाजन या बंधूंनी २०१५ मध्ये अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावरून पूर्व किनाऱ्यापर्यंतची सुमारे ४,८०० किलोमीटरची ‘रेस अक्रॉस अमेरिका’ ही सायकल शर्यत दोघांच्या संघातून नऊ दिवसांच्या आत पूर्ण केली. या शर्यतीचा मार्गही पन्नासहून अधिक वेळनोंद स्थानकांत विभागलेला असतो.

प्रेरणा

प्रेरणा आधी येते आणि कृती मागून, हा समज अर्धाच खरा आहे. प्रत्यक्षात प्रगती दिसू लागली की प्रेरणा वाढते. म्हणून नोंद ठेवण्याला महत्त्व आहे. २०१६ मध्ये १३८ अभ्यासांच्या आढाव्यात स्वतःच्या प्रगतीची नोंद ठेवणाऱ्यांना ध्येय गाठणे सोपे जाते, आणि ती नोंद लिहिलेली किंवा इतरांपुढे मांडलेली असेल तर परिणाम वाढतो, असे दिसले. येथे घोषणा आणि हिशेब यांत गल्लत करू नये. ‘मी मॅरेथॉन धावणार’ असे आप्तांना सांगताच मिळणारे कौतुक कधी कधी कामाचीच जागा घेते. आठवड्याला किती किलोमीटर झाले हे सांगण्यात तो धोका कमी असतो.

मानसशास्त्रज्ञ एडवर्ड डेसी व रिचर्ड रायन यांच्या मते स्वायत्तता, सक्षमता आणि आपलेपणा या तीन गरजा भागल्या तर प्रेरणा आतून येते. नाशिकला १९८९ मध्ये स्थापन झालेल्या यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठाचा विद्यार्थी नोकरी किंवा घर सांभाळून पदवीचा अभ्यास करतो. स्वायत्तता त्याला भरपूर मिळते, आपलेपणाची उणीव मात्र जाणवते. रोजचा वर्ग नाही, शेजारचा बाक नाही. शहरातील अभ्यासिकांना असलेल्या मागणीचे एक कारण हेही आहे. घरी टेबल-खुर्ची असणारी मुलेही पैसे भरून तेथे बसतात, कारण समोरचा पान उलटतो तेव्हा आपलेही उलटते.

नव्याचे नऊ दिवस ही म्हण संशोधनाने थोडी दुरुस्त केली आहे. लंडनमध्ये फिलिपा लॅली आणि सहकाऱ्यांनी २०१० मध्ये प्रसिद्ध केलेल्या, ९६ जणांवरील अभ्यासात नवी कृती अंगवळणी पडायला सरासरी ६६ दिवस लागले. व्यक्तिपरत्वे ही संख्या १८ ते २५४ इतकी पसरलेली होती. २१ दिवसांत सवय लागते या सर्रास सांगितल्या जाणाऱ्या दाव्याला त्यातून आधार मिळत नाही. एखादा दिवस चुकल्याने फारसे बिघडत नाही, हा त्यातील दिलासा देणारा भाग होय. पाडवा, दसरा, वाढदिवस अशा दिवशी आरंभ करण्याची ओढ खोटी नाही, २०१४ मधील एका अभ्यासात आठवड्याच्या आणि वर्षाच्या आरंभी व्यायामशाळेतील उपस्थिती वाढलेली आढळली. मात्र मुहूर्त आरंभापुरता असतो.

मर्यादा आणि आक्षेप

अमेरिकेतील येल विद्यापीठात १९५३ साली ध्येये लिहून ठेवणारे ३ टक्के विद्यार्थी पुढे इतर सर्वांहून श्रीमंत झाले, ही कथा अनेक शिबिरांत सांगितली जाते. असा अभ्यास झालाच नव्हता. अवघड आकडा समोर ठेवल्यास लबाडीचा मोह वाढतो आणि आकड्याबाहेरचे काम दुर्लक्षित होते, हा आक्षेप मात्र गंभीर आहे. काम सर्वस्वी नवे असेल तेव्हा निकालाचे उद्दिष्ट शिकण्याच्या आड येते आणि ‘आधी पद्धती शोधायच्या’ असे शिकण्याचे उद्दिष्ट अधिक फळते, असे लेथम यांच्याच नंतरच्या कामातून पुढे आले.

ध्येय तरुणपणीच ठरलेले असावे हा आग्रहही तपासून घ्यावा. चांदवडसारख्या अवर्षणप्रवण तालुक्यातील तळेगाव रोहीचे दत्तू भोकनळ यांना रोइंगची ओळख २०१२ मध्ये सैन्यात भरती झाल्यानंतर झाली. २०१६ च्या रिओ ऑलिंपिकमध्ये एकेरी प्रकारात ते तेरावे आले आणि २०१८ च्या आशियाई क्रीडा स्पर्धेत चौघांच्या संघातून त्यांनी सुवर्णपदक मिळवले. वल्हे हाती येण्याआधी हे ध्येय लिहून ठेवणे त्यांना शक्यच नव्हते.

ध्येय सोडण्याविषयी मात्र फार कमी लिहिले जाते. किती प्रयत्नांनंतर थांबायचे हे आधीच ठरवून ठेवणारा परीक्षार्थी दुर्मीळ असतो, आणि तो आकडा ठरवायला घरातले कुणी सुचवत नाही. बागायतदाराला हा निर्णय टाळण्याची मुभा निसर्ग देत नाही: ऐन फुलोऱ्यात अवकाळी पाऊस झाला की निर्यातीचा विचार बाजूला पडतो, बेदाण्याचा किंवा स्थानिक बाजाराचा हिशेब मांडला जातो आणि वहीत पुढचा दिवस लिहिला जातो.