कोंबड्यांच्या पायांची खरूज

परसातल्या कोंबड्यांच्या पायांवरील खवल्यांखाली घर करणाऱ्या एका सूक्ष्म माइटमुळे होणारा त्वचारोग. हा माइट गोचीड आणि कोळी यांच्या गोत्रातला, आठ पायांचा, गोलसर, जेमतेम अर्धा मिलिमीटर लांबीचा जीव आहे. त्याचे शास्त्रीय नाव नेमिडोकॉप्टिस म्यूटन्स. ग्रीक भाषेत ‘क्नेमिस’ म्हणजे नडगीवर बांधायचे चिलखत आणि ‘कोप्टो’ म्हणजे कापणे. हा माइट नडगीचे चिलखतच पोखरतो, त्यामुळे नाव चपखल आहे. या जातीचे वर्णन रोबँ आणि लाँकतँ यांनी १८५९ मध्ये केले.

निरोगी कोंबडीच्या नडगीवरचे खवले छपरावरच्या कौलांसारखे एकावर एक चपटे बसलेले असतात. त्यांवरून बोट खाली सरकवले तर ते कुठे अडखळत नाही. माइट शिरला की खवल्याची कड किंचित उचलली जाते आणि फटीतून पिठासारखा पांढरट भुगा दिसू लागतो. सुरुवात बहुधा बोटांपासून होते आणि रोग वर सरकतो. माइट बोगदे खणत राहतो, त्वचेतून लस पाझरते, ती मेलेल्या पेशींबरोबर वाळते आणि पायावर खडबडीत राखाडी खपल्यांचे थर चढतात. शेवटी पाय दुप्पट जाड दिसतो, बोटे वाकडी होतात, कोंबडी लंगडते, खाणे कमी करते आणि अंडीही कमी देते. दुर्लक्ष झाल्यास बोटे झडूही शकतात. क्वचित तुऱ्यावर आणि गळ्याखालच्या लोंबत्या लाल मांसावरही हा माइट आढळतो.

रोग फार संथ आहे आणि खरी अडचण तीच आहे. माइट बरेच दिवस गुपचूप राहतो आणि पक्षी अशक्त झाला, त्याच्यावर ताण आला की एकदम वाढतो. तलंगांमध्ये तो सहसा दिसत नाही. जुन्या कोंबड्यांत आणि दोन-तीन वर्षे राखलेल्या नरांत तो दिसतो. त्यामुळे ‘वय झालं, पाय खरबरीत होणारच’ असे म्हणून घरचे लोक गप्प बसतात. वयाने खवले जाड होतात हे खरे, पण ते चपटेच राहतात. कड उचललेली असेल आणि खाली भुगा असेल तर तो वयाचा दोष नव्हे. तळव्याला सूज आणि मध्ये काळी खपली असेल तर तो जिवाणूंमुळे होणारा वेगळा आजार असतो. शंका असेल तर पशुवैद्य खपली खरवडून सूक्ष्मदर्शकाखाली पाहतात.

खुराड्यातल्या लाल माइटशी याची गल्लत नेहमी होते. लाल माइट दिवसा बांबूच्या सांध्यांत, फळ्यांच्या फटींत लपतो आणि रात्री येऊन रक्त पितो, म्हणून तिथे खुराड्यावर इलाज करावा लागतो. पायांच्या माइटचे सारे आयुष्य पक्ष्याच्या कातडीतच जाते. त्यामुळे नुसते खुराडे चुन्याने सारवून किंवा औषध फवारून पाय बरे होत नाहीत. राखेत लोळल्याने कोंबडीच्या पिसांतल्या उवा कमी होतात, पण राख खवल्यांखाली पोचत नाही.

उपचाराचे तत्त्व साधे आहे : खपली मऊ करायची आणि माइटची हवा कोंडायची. संध्याकाळी कोंबडी खुराड्यातल्या वाशावर बसली की सहज हाती लागते. तिचे पाय साबण घातलेल्या कोमट पाण्यात काही मिनिटे बुडवून ठेवावेत, मग मऊ जुन्या टूथब्रशने खवल्यांच्या दिशेनेच हलके घासावे. सुटेल तेवढीच खपली काढावी. नखाने उपटली तर रक्त येते आणि जखम चिघळते. पाय कोरडे करून बोटांच्या बेचक्यांपासून पिसे सुरू होतात त्या सांध्यापर्यंत व्हॅसलीनचा जाड थर द्यावा. खोबरेल किंवा करंजाचे तेलही चालते, मात्र ते लवकर पुसले जाते. १० टक्के गंधकाचे मलमही वापरतात. पहिल्या आठवड्यात दिवसाआड, पुढे आठवड्यातून एकदोनदा, असे किमान तीन-चार आठवडे करावे लागते. पाय बरा दिसू लागला की लोक थांबतात. उरलेले माइट तेवढ्यात पुन्हा वाढतात. एकाच कोंबडीला रोग दिसत असला तरी उपचार सगळ्यांवर करायचा.

खुडूक बसलेल्या कोंबडीला मात्र तेल लावू नये. ते पोटाच्या पिसांना आणि तिथून अंड्यांना लागते, कवचाची छिद्रे बुजतात आणि आतले पिल्लू गुदमरते. घासलेट आणि गाडीचे जळके तेल हे गावोगाव सांगितले जाणारे उपाय आहेत. माइट त्याने मरतो, पण कातडीही भाजते. ते टाळलेलेच बरे.

रोग बळावलेला असेल तर पशुवैद्य आयव्हरमेक्टिन देतात. मात्रा साधारण दर किलो वजनाला ०.२ मिलिग्रॅम. जनावरांसाठी मिळणाऱ्या १ टक्का इंजेक्शनच्या १ मिलिलीटरमध्ये १० मिलिग्रॅम औषध असते. म्हणजे दीड किलोच्या कोंबडीला जेमतेम ०.०३ मिलिलीटर पुरते. गाईच्या बाटलीतून अंदाजपंचे थेंब पाडणे किती धोक्याचे आहे, हे या आकड्यावरून दिसते. औषधाचा अंश अंड्यांत उतरतो. त्यामुळे अंडी किती दिवस खायची नाहीत आणि पक्षी किती दिवस कापायचा नाही, हे पशुवैद्याला विचारूनच ठरवावे.

माणसाला हा माइट होत नाही; उपचारानंतर हात धुतले की पुरे. माइट मेले तरी पाय लगेच नितळ होत नाहीत. उचललेले खवले हळूहळू गळतात, त्याखाली नवे येतात आणि याला काही महिने लागतात. वाकडी झालेली बोटे तशीच राहतात.

प्रसार मुख्यतः अंगाला अंग लागून होतो : एकाच वाशावर दाटीने बसणे, खुडूक आईच्या पंखाखालची पिल्ले, नवा विकत आणलेला पक्षी. ब्रह्मा, कोचिन अशा पायांवर पिसे असलेल्या हौशी जातींत तर रोग पिसांखाली झाकला जातो, तिथे पिसे बाजूला सारूनच पाहावे लागते. आठवडी बाजारात कोंबड्या पाय बांधून उलट्या धरलेल्या असतात. गिऱ्हाईक छाती दाबून वजन पाहते, तुरा पाहते. नडग्या विक्रेत्याच्या मुठीत असतात. मूठ सोडायला लावून तिथेच नडगीवरून बोट फिरवावे आणि घरी आणल्यावर नवी कोंबडी तीन-चार आठवडे वेगळ्या डालग्याखाली ठेवावी.