कार्डिनल

रोमन कॅथलिक चर्चमध्ये पोपच्या खालोखाल मान असलेल्या धर्माधिकाऱ्यांची पदवी. पोपला सल्ला देणे आणि ते पद रिकामे झाले की बंद दाराआड नवा पोप निवडणे, ही कार्डिनलांची मुख्य कामे. त्यांची नेमणूक सर्वस्वी पोपच्या हाती असते.

शब्दाचे मूळ लॅटिन ‘कार्दो’, म्हणजे दाराची बिजागरी. बिजागरीसारखा महत्त्वाचा माणूस, हा अर्थ सगळीकडे सांगितला जातो. तो चुकीचा नाही, पण मागाहून आलेला आहे. ६व्या शतकाच्या अखेरीस पोप पहिले ग्रेगरी यांच्या पत्रांत हा शब्द अगदी व्यवहारी अर्थाने येतो. एका धर्मप्रांताचा धर्मगुरू दुसरीकडच्या चर्चमध्ये कायमचा नेमला, सुतार दार चौकटीत बसवतो तसा तिथे बसवला, की तो कार्डिनल. धर्मगुरूची एखाद्या धर्मप्रांतात रीतसर नोंद होण्याला चर्चच्या कायद्यात आजही ‘इन्कार्डिनेशन’ म्हणतात. पुढे रोममधील जुन्या चर्चांचे धर्मगुरू, तिथले डीकन (धर्मगुरूच्या खालच्या पायरीचे सेवक) आणि शहराभोवतालच्या धर्मप्रांतांचे बिशप यांना हे नाव चिकटले. ११व्या शतकात पोप नववे लिओ यांनी त्याला नवा अर्थ दिला: रोमचे पीठ, म्हणजे पोपचे पद, ही न हलणारी बिजागरी, सारे दार तिच्यावर फिरते, आणि तिच्या निकटचे म्हणून हे कार्डिनल.

१०५९ मध्ये पोप दुसरे निकोलस यांनी पोपच्या निवडीत कार्डिनल-बिशपांना, म्हणजे शहराभोवतालच्या त्या बिशपांना, अग्रमान दिला आणि पदवीला खरे वजन आले. ११७९ पासून दोन-तृतीयांश मतांचा नियम आहे. १९७० मध्ये सहावे पॉल यांनी ८० वर्षे पूर्ण केलेल्यांचा मताधिकार काढला. पदवी मात्र तहहयात राहते.

रोमशी नाते अजून तुटलेले नाही. दूरदेशीचा आर्चबिशप कार्डिनल झाला की रोममधील एक चर्च त्याच्या नावे होते. तिथला कारभार तो पाहत नाही, पण दर्शनी भिंतीवर त्याचे मानचिन्ह लागते. पदवीचा मूळ अर्थ मला या भिंतीवर सर्वांत स्पष्ट दिसतो.

कार्डिनलांच्या पोशाखाचा लाल रंग श्रद्धेसाठी रक्त सांडण्याच्या तयारीची खूण. रुंद काठाची, गोंडे लावलेली लाल टोपी १२४५ च्या सुमारास पोप चौथे इनोसंट यांनी दिली. ती १९६९ मध्ये बंद झाली. कार्डिनल वारला की ती त्याच्या थडग्यावर छताला टांगत, आणि कुजून आपोआप खाली पडेपर्यंत तशीच ठेवत.