श्वान-प्रतिपालन

श्वान-प्रतिपालन : रस्त्यावर जखमी, आजारी, अनाथ किंवा टाकून दिलेल्या अवस्थेत सापडलेल्या कुत्र्याला कायमचे घर मिळेपर्यंत, अथवा तो मूळ जागी परत सोडण्याजोगा होईपर्यंत, खासगी घरात सांभाळण्याची प्रथा. ‘प्रतिपालकत्व’ ही संज्ञा बालसंगोपनाच्या क्षेत्रातून आली आहे. बोलीत मात्र ‘फॉस्टर करणे’ हेच रूढ आहे. सांभाळणाऱ्यालाही फॉस्टर म्हणतात आणि सांभाळल्या जाणाऱ्या कुत्र्यालाही, त्यामुळे ‘आमची फॉस्टर दोन दिवस जेवली नाही’ या वाक्याचा अर्थ संदर्भानेच लावावा लागतो. पाळायला कुत्रा घेणे आणि रस्त्यावरच्या कुत्र्याला रोज खाऊ घालणे या दोन्हींहून ही प्रथा वेगळी आहे.

उगम : या प्रथेच्या मुळाविषयी एकमत नाही. एक मत तिचा धागा पांजरपोळापर्यंत, म्हणजे निराधार व अपंग जनावरे सांभाळणाऱ्या संस्थेपर्यंत, नेते. ‘पांजरपोळ’ या शब्दाचीही व्युत्पत्ती दोन प्रकारे देतात. पांजर म्हणजे पिंजरा आणि पोळ म्हणजे गुजराती शहरांतली दरवाजा असलेली आळी, हा एक विग्रह. दुसरा विग्रह मराठी ‘पोळ’वर, म्हणजे देवाच्या नावाने डाग देऊन मोकळ्या सोडलेल्या वळूवर आधारलेला आहे, हा अर्थ मोल्सवर्थच्या मराठी-इंग्रजी कोशातही आहे. पांजरपोळात गुरांचीच संख्या मोठी असल्याने दुसरा विग्रह आकर्षक वाटतो. परंतु संस्था आणि शब्द दोन्ही गुजरातेतून मुंबईत आले असावेत, हे पाहता पहिला अधिक ग्राह्य ठरतो.

मुंबईच्या पांजरपोळाचा संबंध मात्र गुरांइतकाच कुत्र्यांशी आहे. उन्हाळ्यात आणि पावसाळ्यानंतर ठरावीक मुदतीत मोकाट कुत्रे मारण्याचा नियम कंपनी सरकारने १८१३ मध्ये केला होता. १८३२ मध्ये ही मुदत जूनच्या मध्यापर्यंत वाढवली गेली. मारलेल्या कुत्र्यामागे आठ आणे इनाम मिळत असल्याने शिपाई दारातले कुत्रेही ओढून नेतात, अशी तक्रार होती. ६ जून १८३२ रोजी, पारशांच्या एका पवित्र दिवशी, मुंबईच्या कोटात (फोर्ट भागात) दंगा उसळला. दुसऱ्या दिवशी दुकाने बंद राहिली आणि लष्करी छावणीची रसद अडली. पारशी अंत्यविधीत मृतदेहावर कुत्र्याची दृष्टी पाडण्याचा ‘सगदीद’ हा विधी असल्याने जुने लेखक दंग्याचे कारण धार्मिक मानतात. अलीकडील अभ्यासक त्यात शहरातल्या प्रतिष्ठित समाजाने सरकारला आपले वजन दाखवून देण्याचा प्रयत्न पाहतात. दोन्ही कारणे एकत्र असणे अशक्य नाही. तरी एकट्या धर्मश्रद्धेने रसद अडवण्यापर्यंत मजल गेली असेल, असे वाटत नाही.

त्यानंतर सुमारे दोन वर्षांनी पांजरपोळ उभे राहिले. स्थापनेचे वर्ष सामान्यतः १८३४ देतात. जमशेटजी जीजीभाई यांचे नाव सर्वत्र येते. त्यांच्या जोडीला काही नोंदींत अमीचंद शहा, तर जैन परंपरेत मोतीचंद अमीचंद ऊर्फ मोतीशा शेठ यांचे नाव आढळते. पुढे १८७४ मध्ये प्राण्यांवरील क्रौर्याला प्रतिबंध करणारी मंडळी मुंबईत स्थापन झाली आणि परळला दिनशा माणेकजी पेटीट यांच्या देणगीतून बाई साकरबाईंच्या नावे पशुरुग्णालय सुरू झाले.

या सर्व संस्था होत, घर नव्हे. दुसरे मत म्हणूनच पांजरपोळाशी नाते नाकारते आणि प्रतिपालनाला गेल्या तीन-चार दशकांतली शहरी प्रथा मानते. वैश्वदेवातला कुत्र्यासाठी काढून ठेवायचा बळी, दत्ताच्या पायाशी असलेले चार कुत्रे, खंडोबाचा कुत्रा यांचे दाखले या संदर्भात दिले जातात. पण त्यांतून दारापर्यंतचा घास सिद्ध होतो, उंबऱ्याआतली जागा नाही. आजच्या ‘फीडर’चा, म्हणजे रस्त्यावरच्या कुत्र्यांना खाऊ घालणाऱ्याचा, पूर्वज त्यांत शोधता येईल, फॉस्टरचा नाही. प्रस्तुत नोंदीत दुसरे मत स्वीकारले आहे. कुत्रा मारायचा नाही असे ठरल्यावरच त्याला ठेवायचे कुठे हा प्रश्न उभा राहतो, आणि मुंबई महापालिकेने कुत्रे मारणे १९९४ मध्ये थांबवले.

कायदेशीर स्थिती : प्राणी क्रौर्य प्रतिबंधक अधिनियम, १९६० खाली केलेले श्वान जन्मनियंत्रण नियम (२००१, त्यांच्या जागी २०२३ चे) एका तत्त्वावर उभे आहेत. कुत्रा पकडावा, त्याची नसबंदी करावी, अलर्क रोगाची (रेबीजची) लस द्यावी, ओळखीसाठी कानाला खाच पाडावी आणि जिथून उचलला तिथेच सोडावा. या चक्रात खासगी घराला स्थान नाही. भारतीय जीवजंतु कल्याण मंडळाने रस्त्यावरचे कुत्रे दत्तक देण्याची कार्यपद्धती घालून दिली असली, तरी दत्तक जाईपर्यंत कुत्रा ज्याच्याकडे राहतो त्याचा दर्जा अस्पष्टच आहे. परवाना त्याच्या नावावर नसतो. कुत्रा कोणाला चावला तर मात्र शेजारी त्याचेच नाव घेतात.

दिल्ली परिसरातले कुत्रे आठ आठवड्यांत निवाऱ्यात हलवावेत, असा आदेश सर्वोच्च न्यायालयाने ११ ऑगस्ट २०२५ रोजी दिला. २२ ऑगस्टला तीन न्यायमूर्तींच्या पीठाने तो बदलला. अलर्कग्रस्त व आक्रमक कुत्रे वगळता इतरांना नसबंदी व लसीकरणानंतर मूळ जागी सोडण्यास मुभा मिळाली. दत्तक घेणाऱ्याने तो कुत्रा पुन्हा रस्त्यावर येणार नाही याची जबाबदारी घ्यावी, असेही त्यात होते. प्रकरणात म्हणणे मांडू इच्छिणाऱ्या व्यक्तीला २५ हजार आणि संस्थेला २ लाख रुपये भरण्यास सांगितले गेले. ७ नोव्हेंबर २०२५ च्या आदेशाने शाळा, रुग्णालये, बस व रेल्वे स्थानके यांच्या आवारातून उचललेले कुत्रे त्याच जागी परत सोडू नयेत असे ठरले. देशातल्या मोकाट कुत्र्यांची संख्या २०१९ च्या पशुगणनेत सुमारे १ कोटी ५३ लाख आणि महाराष्ट्रातली सुमारे पावणेतेरा लाख भरली होती.

खर्च : नवख्याला अन्नाच्या खर्चाची धास्ती वाटते, प्रत्यक्षात तो सर्वांत कमी असतो. कोंबडीवाल्याकडचे छाटण, मीठ-कांद्याविना शिजवलेला भात आणि चिमूटभर हळद यांवर मध्यम बांध्याचा गावठी कुत्रा उत्तम राहतो. पाकीटबंद खाद्य महाग पडते. वस्तू व सेवा कर लागू झाला तेव्हा (२०१७) त्या खाद्यावर १८ टक्के कर बसला, पशुवैद्यकीय दवाखान्याची सेवा मात्र करमुक्त राहिली. तरीही खर्चाचा मोठा वाटा दवाखान्यातच जातो आणि तो आधी सांगता येत नाही. नसबंदी व लस यांचा आकडा ठरलेला असतो. जीवजंतु कल्याण मंडळाच्या योजनेत दीर्घकाळ एका कुत्र्याच्या नसबंदीमागे ४४५ रुपयांचे साहाय्य होते. पकडण्या-सोडण्याचा खर्च त्यातच धरलेला असे. खासगी दवाखान्यात त्याच शस्त्रक्रियेला त्याच्या कितीतरी पट रक्कम लागते.

पिल्लांच्या बाबतीत खर्चाचे गणित बिघडवणारा रोग म्हणजे पार्व्हो. हा विषाणू १९७८ च्या सुमारास जगभर पसरला. दीड ते सहा महिन्यांची पिल्ले त्याला विशेष बळी पडतात. संसर्गानंतर साधारण तीन ते सात दिवसांत पिल्लू खाणे सोडते, ओकते आणि मग रक्तमिश्रित पातळ शी सुरू होते. तिचा वास एकदा ओळखीचा झाला की जिन्यावरूनही कळतो. विषाणूवर थेट औषध नाही. शिरेतून सलाईन, ओकारी थांबवणारी इंजेक्शने, दुय्यम संसर्गासाठी प्रतिजैविके आणि ऊब देऊन पिल्लाला पाच-सात दिवस तगवायचे, हाच उपचार. घरी सलाईनची बाटली खिडकीच्या गजाला किंवा कपाटाच्या मुठीला टांगतात. पुढच्या पायातली सुई चिकटपट्टीने बांधलेली असते आणि पिल्लू शुद्धीवर आल्याची पहिली खूण म्हणजे ते ती पट्टी चाटू-चावू लागते. दवाखान्यात दाखल केल्यास एका पिल्लाचे बिल सहज पाच आकडी होते, आणि पिल्ले बहुधा एकटी येत नाहीत.

खरा फटका नंतर बसतो. हा विषाणू फरशीच्या सांध्यांत, गोणपाटात, चपलांच्या तळव्यांत कित्येक महिने टिकतो. फिनाईलने तो मरेल याचा भरवसा नाही. साधारण तीसपट पाण्यात मिसळलेले सोडियम हायपोक्लोराइट लागते, तेही आधी घाण धुऊन काढल्यावर. ज्या घरात पार्व्हो झाला तिथे लस अपुरी झालेले पिल्लू वर्षभर न आणलेले बरे. म्हणजे एका आजाराने एक पिल्लूच नव्हे, एक घरही जाते. पिल्लांची लस सहा ते आठ आठवड्यांनी सुरू होऊन दर तीन-चार आठवड्यांनी, सुमारे सोळा आठवडे वयापर्यंत चालते. अलर्काची लस तीन महिन्यांच्या सुमारास देतात. तोवर पिल्लाला खाली मातीत उतरवू नये हा नियम, आणि शू-शीची सवय लावायचे वयही नेमके तेच.

डिस्टेंपर या विषाणुजन्य रोगातून जगलेल्या काही कुत्र्यांचे स्नायू जन्मभर उडत राहतात. असा कुत्रा सहसा कोणी दत्तक घेत नाही. गोचीडतापाला डॉक्सिसायक्लिनचा सुमारे चार आठवड्यांचा क्रम लागतो. संसर्गजन्य जननेंद्रिय-अर्बुदावर आठवड्याला एक याप्रमाणे चार ते सहा वेळा व्हिन्क्रिस्टिन टोचतात आणि त्या काळात रक्ततपासणी करावी लागते. हा कर्करोग असूनही बहुधा पूर्ण बरा होतो, हे अनेक फॉस्टरना ठाऊक नसल्याने त्या कुत्र्यांची आशा लवकर सोडली जाते. जखमेत अळ्या पडणे दिसायला भयंकर, पण उपचाराला स्वस्त. याउलट गाडीची धडक बसून मागचे पाय गेलेला कुत्रा बाहेरून धडधाकट दिसतो. त्याचे मूत्राशय दिवसातून दोन-तीन वेळा हाताने दाबून रिकामे करावे लागते. हे काम घरातल्या एकालाच जमते, आणि तो माणूस पुढे गावाला जाऊ शकत नाही.

आईविना सापडलेल्या, डोळे न उघडलेल्या पिल्लांचे संगोपन हा वेगळाच प्रकार आहे. डोळे दहा ते चौदा दिवसांनी उघडतात. तोवर दर दोन-तीन तासांनी, रात्रीसुद्धा, दूध पाजावे लागते. गाईचे दूध अपुरे पडते. कुत्रीच्या दुधात प्रथिने व स्निग्धांश गाईच्या दुपटीहून अधिक आणि दुग्धशर्करा कमी असते. पाजताना पिल्लू पोटावर पालथे ठेवतात. उताणे धरल्यास दूध फुफ्फुसात जाते. पाजून झाल्यावर ओल्या कापसाने शूच्या जागी हलके पुसावे लागते, कारण आईच्या चाटण्याशिवाय त्याला शू होत नाही. कुत्री वर्षातून साधारण दोनदा माजावर येत असली तरी भाद्रपदाचा लौकिक निराधार नाही. गर्भकाळ सुमारे ६३ दिवसांचा धरला तर पिल्ले कार्तिक-मार्गशीर्षात, नेमकी थंडीत येतात. फॉस्टर शोधणाऱ्यांचे निरोप दिवाळीनंतर वाढतात, हेच त्याचे कारण.

घर व शेजार : रस्त्यावर वाढलेल्या कुत्र्याला लिफ्ट, गुळगुळीत फरशी आणि गळ्यातला पट्टा या तिन्हींची भीती असते. पहिले काही दिवस तो पलंगाखाली काढतो आणि मातीशिवाय शू करत नाही. पाळीव प्राण्यांवर गृहनिर्माण संस्थांना सरसकट बंदी घालता येत नाही, असे जीवजंतु कल्याण मंडळाने २०१५ मध्येच स्पष्ट केले आहे. पण भाडेकरूच्या बाबतीत घरमालकाचा शब्द त्याहून जड ठरतो. शाकाहारी वस्तीत कुत्र्याच्या भुंकण्यापेक्षा त्याच्यासाठी शिजणाऱ्या कोंबडीच्या वासावरून अधिक भांडणे होतात. घरात आधीचा कुत्रा असेल तर नव्याला निदान दोन आठवडे वेगळे ठेवणे आवश्यक. एका खोलीच्या घरात हे विलगीकरण बहुधा न्हाणीघरात होते. हाताळणाऱ्याने स्वतः अलर्काची पूर्वप्रतिबंधक लस घेतलेली असावी. ती अनेक जण पहिला चावा बसल्यावरच आठवतात. गोव्यात २०१३ नंतर झालेल्या व्यापक लसीकरणामुळे ही जोखीम बरीच घटली असून ते राज्य २०२१ मध्ये अलर्क-नियंत्रित क्षेत्र म्हणून जाहीर झाले.

मुदत : प्रतिपालनाचा सर्वांत मोठा खर्च रुपयांत मोजला जात नाही, तो दिवसांत मोजावा लागतो. ‘पंधरा दिवसांसाठी’ आलेला कुत्रा सहा महिने राहणे सर्वसाधारण आहे. पिल्लू चार-पाच महिन्यांचे झाले की विचारणा ओसरते. काळा रंग आणि मादी असणे या गोष्टी आड येतात, असा स्वयंसेवकांचा अनुभव आहे. ज्याने रस्त्यावरून उचलले त्याचे फोन हळूहळू कमी होतात. ‘मी रेस्क्यू केले, आता कोणीतरी ठेवा’ ही या वर्तुळातली सर्वाधिक कटकटीची सुरुवात मानली जाते. काही जण पैसे घेऊन सांभाळतात. हा प्रकार कुत्रा-वसतिगृहाच्या जवळ जाणारा असल्याने त्याला प्रतिपालन म्हणावे की नाही, याबाबत दुमत आहे. तात्पुरता आणलेला कुत्रा कायमचा ठेवून घेणाऱ्याला थट्टेने ‘फॉस्टर फेल’ म्हणतात. त्यात कुत्र्याचे भले होते, पण पुढच्या कुत्र्याची जागा जाते.

दत्तक गेलेला कुत्रा परगावी पाठवणे हाही खर्चच. रेल्वेत त्याला वातानुकूलित प्रथम वर्गाच्या पूर्ण आरक्षित कक्षात किंवा गार्डाच्या डब्यातल्या पेटीत नेता येते. पेटीतला प्रवास भेदरलेल्या कुत्र्यासाठी योग्य नाही, म्हणून पुणे-मुंबईसारख्या अंतराला ओळखीच्या मोटारी शोधल्या जातात. उत्तर अमेरिकेतली मराठी कुटुंबे पूर्वी इथून गावठी कुत्रे नेत असत. अमेरिकेने जुलै २०२१ मध्ये अलर्काची जोखीम अधिक असलेल्या देशांतून, भारतासह, कुत्रे आणणे स्थगित केले. ऑगस्ट २०२४ पासूनच्या नियमांनुसार किमान सहा महिने वय, मायक्रोचिप व लसीची कागदपत्रे लागतात. कॅनडाने २८ सप्टेंबर २०२२ पासून अशा देशांतून दत्तक वा प्रतिपालनासाठी येणाऱ्या कुत्र्यांनाही व्यापारी आयात ठरवून मज्जाव केला.

ग्रामीण भागात ‘फॉस्टर’ हा शब्द फारसा पोचलेला नाही. तिथे शेतावर, गोठ्यात किंवा देवळाच्या ओवरीत राहणाऱ्या कुत्र्याला अनेक घरांतून भाकरी मिळते आणि आजारपणात गुरांचा डॉक्टर आलाच, तर त्यालाही एक इंजेक्शन टोचून जातो. [⟶ अलर्क रोग, कुत्रा, पांजरपोळ].